अक्काची काबरी द्राक्षं

अक्का, परवा भडगावला तुझी शोकसभा झाली. शाळेच्या पटांगणात मांडव होता, तुझा फोटो होता, त्याला हार होता. बोलणारे पुष्कळ होते. तू हातभट्टीची मडकी कशी फोडलीस, बायकांना घेऊन पोलीस ठाण्यासमोर कशी बसलीस, हे प्रत्येकानं सांगितलं. ते सगळं खरंच होतं. पण तुझ्या द्राक्षांचं नाव एकानंही काढलं नाही. सभेआधीच अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं होतं. हळूच म्हणाले, "ताई, तेवढं द्राक्षांचं राहू द्या. लोक उगाच भलता अर्थ काढतात."

मी उठले आणि द्राक्षांचंच बोलले. लाल वाइनची द्राक्षं, असं नाव घेऊन बोलले. पुढच्या रांगेतली माणसं घड्याळाकडे बघायला लागली आणि माझं वाक्य संपायच्या आत कुणीतरी आभार मानायला उभं राहिलं. मी खाली बसले, पण माझं बोलणं संपलेलं नव्हतं. उरलेलं आता तुलाच सांगते. तुझा अर्धा भाग झाकून उरलेल्या अर्ध्या भागाला घातलेला हार मला मान्य नाही.

तुझ्या धाकट्या दिराला, दिलीपला, दारूनं नेलं तेव्हा तू त्या घरात नवीनच होतीस. सकाळी तो बांधावर पडलेला सापडला. त्याची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. आबा, म्हणजे तुझे सासरे, त्या दिवसापासून कमी बोलायला लागले. मी धुळ्याच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीनं तुझ्याकडे आले तर तू घरी नव्हतीस. नदीकडून बायकांचा घोळका येत होता आणि त्यात तू होतीस. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, अंगाला गुळाच्या सडक्या रसाचा वास. तुझ्याशेजारी इंदूबाई चालत होत्या. त्यांचा नवराही पिणाराच. मडकं फोडायला पहिला धोंडा त्यांनी उचलला, असं तू मला मोठ्या कौतुकानं सांगितलंस. त्या दिवशी तुझ्याइतकं सरळ माणूस मी दुसरं पाहिलेलं नव्हतं.

म्हणूनच दोन-तीन वर्षांनी तू ते नवं खूळ काढलंस तेव्हा मला काही कळेना. नाशिककडच्या एका वाइन कारखान्याची माणसं शेतकरी शोधत हिंडत होती. तू दाजींना घेऊन त्यांच्या बैठकीला गेलीस आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या घेऊन आलीस. द्राक्षाच्या काड्या. कॅबरने सोव्हिन्यॉ असं त्यांचं नाव. गावाला ते जिभेवर बसेना. कुणी काबरने म्हणालं, कुणी काबरं, आणि महिनाभरात तुझी द्राक्षं काबरी होऊन बसली. तूही मग तेच म्हणायला लागलीस.

नदीच्या वरच्या अंगाला तुमचा एक तुकडा होता, नुसता गोट्यांचा आणि मुरमाचा. तिथं केळी कधी धरली नाही, कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. तू नेमका तोच तुकडा मागितलास. दाजींना वाटलं, टाकाऊ जमीन मागतेय, घेऊ दे. तू बीएस्सीला वनस्पतिशास्त्र उगाच केलं नव्हतंस. मला म्हणालीस, हे द्राक्ष फ्रान्समधल्या बोर्दो नावाच्या मुलखातलं आहे, तिथंही मोठी नदी आहे, आणि नदीनं आणून टाकलेल्या गोट्यांतच ते चांगलं येतं. पाणी मुळाशी थांबलेलं त्याला खपत नाही. मी हसले. तर तू मला बांधावरचा निळा डाग पडलेला ड्रम दाखवलास. मोरचूद आणि चुन्याचं पाणी, द्राक्षवाले फवारतात ते. "याला काय म्हणतात?" मी म्हटलं, बोर्डो. "मग? त्याच गावचं आहे हे. औषध चालतं तुम्हाला, झाड चालत नाही."

झाड आबांना चालत नव्हतं. काड्या लावल्या त्या दिवशी ते वावरात आले, बांधावर उभे राहिले. मी तिथंच होते, म्हणून हे मला ऐकीव सांगावं लागत नाही. ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "मना एक पोऱ्या दारू खाई गयी. आते तू मना वावरमा दारू लावस का?"

तू हातातली काडी मातीत खोचलीस, भोवतीची माती पायानं दाबलीस आणि पुढची काडी घेतलीस. आबा परत गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते तुझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. ताट वाढलेलं घ्यायचे, ओट्यावर जाऊन बसायचे आणि नदीकडे पाठ करून जेवायचे. तू रोज त्यांची भाकरी स्वतः थापायचीस, दुसऱ्या कुणाला थापू द्यायची नाहीस. मी एकदा म्हटलं, इतकं सोसतेस तर उपटून टाक ना. तू म्हणालीस, "ते जेवतात ना माझ्या हातचं? मग बोलतील."

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, अक्का, दारू ती दारू. मडक्यात असो की बाटलीत असो. तू म्हणायचीस, दिलीपनं कधी जेवणासोबत घेतली का? त्यानं जेवण सोडलं आणि दारू घेतली. मी म्हणायचे, आज जेवणासोबत घेणारा उद्या जेवण सोडेल. तू म्हणायचीस, मग सुरीही घरात ठेवू नकोस. हे आपण तुझ्या ओट्यावर भांडलो, माझ्या धुळ्याच्या खोलीत भांडलो, एकदा शिंदखेड्याला माहेरी सगळ्यांच्या पंगतीत भांडलो आणि वडिलांनी, नानांनी, आपल्या दोघींना लहानपणीसारखं गप्प बसवलं. मला तू पटवू शकली नाहीस. मीही तुला हलवू शकले नाही. तू गेलीस म्हणून मी आता पटलं असं म्हणणार नाही. ते तुलाच आवडायचं नाही.

पण पहिली बाटली आली ती मीच तुझ्यासोबत उघडली. कारखान्यानं माल देणाऱ्यांना दोन-दोन बाटल्या भेट दिल्या होत्या. आबांच्या घरात ती उघडायची नाही, एवढं तू पाळलंस, म्हणून पिशवीत घालून धुळ्याला आलीस. बूच काढायचं हत्यार आपल्याकडे कुठलं? तू त्यात लांब स्क्रू पिळलास आणि घरमालकाकडून मागून आणलेल्या पकडीनं ओढलंस. त्याआधी बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवली होतीस, कारण मार्चच्या धुळ्यात ती तशीच प्यायली तर खोकल्याच्या गरम औषधासारखी लागेल, असं तुला कारखान्यातल्या कुणी सांगितलं होतं. चहाच्या काचेच्या पेल्यांत थोडी थोडी ओतलीस. रंग जांभळाच्या रसाचा. वास घेतला तर जांभूळ होतं, आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा हिरवट काहीतरी वास होता. घोट घेतला आणि माझी जीभ आखडली. कच्च्या जांभळाची बी चावल्यासारखं तुरट. मी म्हटलं, यासाठी तू सासऱ्यांचा अबोला ओढवून घेतलास?

तुझा चेहरा उतरला. मग तू म्हणालीस, याच्यासोबत खायला काय आहे ते आण. मी कोपऱ्यावरच्या खानावळीतून शेवभाजी आणली होती. तिच्यासोबत वाइन तर आणखीच बिघडली. आपला काळा मसाला आणि ती तुरटी तोंडात एकमेकांवर धावून गेली, डोळ्यांत पाणी आलं. आपण दोघी हसायला लागलो ते हसतच राहिलो. ती दुपार मी जपून ठेवली आहे, अक्का. तुझी इतकी मोठी हार झालेली आणि तू पोट धरून हसतेयस.

दुसऱ्या दिवशी तू बाजारातून हिरवी भरताची वांगी आणलीस, मागच्या अंगणात तुराट्या पेटवून भाजलीस, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून बडगीत, त्या लाकडी उखळात, ठेचलीस. मिरची हात राखून घातलीस, तेल मात्र सढळ. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केलीस. उरलेली बाटली काढलीस. "आता पी." मी प्यायले. तीच वाइन होती, पण कालची नव्हती. भरिताच्या धुराला तिच्यातला जांभळाचा वास जाऊन भेटला आणि तेलानं तुरटीची धार काढून टाकली. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस आणि तुला जे हवं होतं ते तुला मिळालं.

मग दर वर्षी बाटली आली की आपले खेळ चालायचे. तुपात बुडवलेली बट्टी आणि वरण, चांगलं. नदीचे तळलेले मासे, अजिबात नाही, तोंडात खिळा धरल्यासारखं लागतं. खापरावरची पुरणपोळी खाल्ली की वाइन आंबट पाणी होते. मटणाबद्दल आपलं जमलं नाही. मी म्हणायचे, मऊ शिजलेलं, कमी तिखटाचं मटण आणि ही वाइन, याच्या पुढे काही नाही. तू म्हणायचीस, तुला मटण आवडतं म्हणून तुला तसं वाटतं. खरी जोडी भरिताची. वर्षातून तीन-चार वेळा, अर्धा-अर्धा पेला. याहून जास्त तू कधी ओतली नाहीस. दाजी समोर बसून नुसतं भरीत खायचे.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण लोक आता काय काय बोलतात ते माझ्या कानावर आलं आहे.

बसस्टॅंडजवळ बिअर बार निघणार होता त्या वर्षीचा मोर्चा मला विसरता येत नाही. तू पुढे होतीस, इंदूबाई तुझ्या खांद्याला खांदा लावून. परवानाधारक त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. तो शांतपणे म्हणाला, बाई, आधी तुमची द्राक्षं उपटा, मग माझ्या दारात या. घोषणा थांबल्या. बायकांनी तुझ्याकडे पाहिलं. आता उत्तर तुला द्यायचं होतं. तू मागे वळलीस आणि त्याला नव्हे, बायकांना म्हणालीस, "माझ्या द्राक्षांपायी ज्या दिवशी तुमच्यातली एक मार खाईल, त्या दिवशी माझ्या वावरात या. कोयता मी देईन."

कुणी टाळी वाजवली नाही. बार त्या वर्षी निघाला नाही, पण तुझं बायकांचं मंडळ फुटलं. इंदूबाईंनी जाताना तुला सांगितलं की त्यांना तुझं म्हणणं समजतं, पण घरी नवऱ्याला समजावता येत नाही. तो म्हणतो, तुमची अक्का लावते ती चालते, मी पितो ती का नाही. त्या दिवसापासून त्या तुझ्याकडे आल्या नाहीत. घरी आल्यावर तू मला विचारलंस, शकू, माझं चुकतंय का? मी म्हटलं, अर्धं. तू म्हणालीस, कुठलं अर्धं? मला सांगता आलं नाही. आजही येत नाही.

मग कारखान्यानं पाठ फिरवली. लाल वाइनला गिऱ्हाईक नाही, आम्हाला या वर्षी पांढरीच द्राक्षं हवीत, असा निरोप आला. माल वेलीवर पिकून लटकलेला. तू पेट्या भरून जळगावच्या बाजारात पाठवल्यास. अडत्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि बिया थुंकल्या. एवढासा मणी, जाड साल, त्यात बियाच बिया, हे कोण विकत घेणार? पेट्या परत आल्या. घरातले, भाऊबंद, सगळे एका सुरात सांगायला लागले की आता उपट. मीही फोनवर तेच म्हटलं. तू म्हणालीस, "लोकांच्या भीतीनं नाही उपटली, आता तोट्याच्या भीतीनं उपटू?" आणि एसटीडीवाल्याला पैसे देऊन फोन ठेवलास.

त्याच आठवड्यात ते घडलं. उरलेला माल तसाच वेलीवर होता, पाखरांची चंगळ होती. तू घरी नव्हतीस. आबा फिरत फिरत त्या तुकड्यात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांना वाटायचं, ही दारूची द्राक्षं म्हणजे काहीतरी विखारी, कडू फळ असेल. त्यांनी एक मणी तोडला. संध्याकाळी तू भाकरी वाढायला गेलीस तेव्हा ते ओट्यावर नदीकडे तोंड करून बसले होते. तुझ्याकडे न बघता म्हणाले, "गोड शेतस."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोफण घेऊन ते पाखरं हाकायला गेले. पुढे माल संपेपर्यंत जात राहिले. तू ते मला सांगताना रडलीस, मडकी फोडतानासुद्धा तू रडली नव्हतीस. उरलेल्या मालाचे मनुके केलेस, बियांसकट, आणि गावात घरोघरी वाटलेस. आबांनी वाइन कधी तोंडाला लावली नाही. त्यांना ती कधी पटली नाही. पण वेलींवरचा त्यांचा राग गेला. दोन वर्षांनी कारखान्याची गाडी परत आली. लाल वाइनला गिऱ्हाईक आलं होतं. ड्रायव्हरला चहा आबांनी दिला.

आणि आता ही कावीळ. गावाच्या नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं, कितीतरी घरांत डोळे पिवळे झाले. म्हातारी माणसं बरी झाली, लहान पोरं बरी झाली. तू झाली नाहीस. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठरलेला प्रश्न विचारला, दारू वगैरे घेता का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. तू उशीवरून मान वळवलीस आणि म्हणालीस, "घेते. वाइन. जेवणासोबत, कधीमधी." डॉक्टरांनी लिहून घेतलं. खोलीत दोन नातेवाईक होते, त्यांनी ऐकलं. गावाला तेवढं पुरलं. पाणी कुणाला दिसलं नाही, बाटली सगळ्यांना दिसली.

डॉक्टर आणि नातेवाईक गेल्यावर मी तुझ्यावर चिडले. म्हटलं, गरज काय होती? तू डोळे मिटूनच म्हणालीस, "खोटं बोलले असते तर बरी झाले असते का?" मग पाणी मागितलंस. मग विचारलंस, एप्रिल लागला का, छाटणीला माणसं सांगितली का. तुझ्या घशातून आवाज नीट येत नव्हता आणि तू वेलींची चौकशी करत होतीस. मी सांगितली म्हटलं. सांगितली नव्हती. दाजींनी बाहेर जाऊन त्याच दुपारी निरोप पाठवला.

अक्का, मी तुला कधी म्हटलं नाही, पण धुळ्यात एकटीनं राहायचं धाडस मला तुझ्यामुळे झालं. स्थळं येत होती, मी नाही म्हणत होते, आणि शिंदखेड्याला सगळे माझ्यामागे लागले होते. तू एकटी म्हणालीस, तिला नको असेल तर नको. एवढंच. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. माणसाच्या मागे उभं कसं राहायचं, हे मी तुझ्याकडून घेतलं. तुझ्या द्राक्षांच्या बाबतीत ते तुझ्यासाठी वापरलं नाही, कारण मला ती पटली नव्हती. तू तशी अपेक्षाही धरली नाहीस.

काल छाटणीचा दिवस होता. एप्रिलमधली ही छाटणी निर्दयच असते, वाढलेलं सगळं कापून खोडाला नुसते खुंट ठेवायचे. बघणाऱ्याला वाटावं, बाग मेली. निरोप दिलेली माणसं आली नाहीत. चुलत दीर आले आणि बांधावर उभं राहून म्हणाले, वहिनी गेल्या, आता कशाला, बुडापासूनच काढा. दाजींच्या हातात कात्री होती, पण ती चालत नव्हती. आबा बांधावर आणून ठेवलेल्या बाजेवर बसलेले, त्यांना आता उठवत नाही. ते एकदाच बोलले. म्हणाले, सुनेनं लावलेलं आहे, तिला विचारल्याशिवाय बुडाला हात लावायचा नाही. चुलत दीर बांधावरून मागे सरले.

मी कात्री घेतली. दोन वेली कशाबशा केल्या, हाताला फोड आले. तेवढ्यात वाटेवर कुणीतरी दिसलं. इंदूबाई होत्या. हातात स्वतःची कात्री, सोबत जुन्या मंडळातल्या पाच-सहा बायका. मोर्चानंतर पहिल्यांदाच त्या या वावरात येत होत्या. मला वाटलं, शोक करायला आल्या असतील. त्यांनी पदर खोचला, वेलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माले हाई कधी पटनं नही. आजबी पटत नही. पन कोठे कापनं ते दखाडा."

दाजी उठले आणि त्यांनी काडीवरचा डोळा दाखवला, त्याच्या वर कसं कापायचं ते दाखवलं. बायका ओळी वाटून घेऊन कामाला लागल्या. कुणी तुझं नाव घेतलं नाही, कुणी रडलं नाही. ऊन चढलं तसे कापलेल्या काड्यांचे ढीग चढत गेले. मीही माझ्या ओळीत होते. मला अजून पटलेलं नाही, अक्का, हे इंदूबाईंना सांगावं असं सारखं तोंडाशी येत होतं, पण त्यांची ओळ पुढे गेली होती आणि मला तिला गाठायचं होतं.

उन्हं कलायच्या आत छाटणी झाली. एकही वेल उपटली नाही.